गुरुबंधू की माहितीदार?

एकाच गुरूपाशी बसून शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांचे नाते सांगण्यासाठी आपल्याकडे एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. तो शब्द म्हणजे गुरुबंधू. दोघे एका गावचे नसतात, एका जातीचे नसतात, पुष्कळदा एका भाषेचेही नसतात. परंतु विद्या एकाच मुखातून आलेली असल्यामुळे त्यांचे नाते सख्ख्या भावांइतके निकटचे मानले जाते. या नात्यात काही हक्क असतात आणि काही कर्तव्येही. एकाची चूक दुसऱ्याने निःसंकोचपणे दाखवावी, एकाला मिळालेली चीज दुसऱ्यापासून लपवू नये आणि गुरूचे नाव दोघांनीही सांगावे, अशी अपेक्षा असते.

आधुनिक संशोधनाने याहून वेगळा असा एक शब्द रूढ केला आहे: माहितीदार. दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा तो माहितीदार. प्रश्न कोणते विचारावयाचे हे तो ठरवीत नाही. उत्तरांचे पुढे काय झाले हेही बहुधा त्याला कळत नाही. ग्रंथाच्या प्रारंभी जी आभाराची पाने असतात, त्यांत त्याच्या नावाला जागा मिळते, आणि तेथेच त्याचा संबंध संपतो.

संगीत कसे शिकविले जाते आणि कसे शिकले जाते, याचा शोध घेणारे निरनिराळ्या देशांतील पदव्युत्तर विद्यार्थी जेव्हा एकत्र येतात, तेव्हा त्यांचे परस्परांशी असलेले नाते यांपैकी कोणते असावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. या नात्यावरच संशोधनाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो, हे पुढील काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

या विषयाचा विचार जबलपुरात करण्यात विशेष औचित्य आहे. मुंबईहून आणि कलकत्त्याहून निघालेले लोहमार्ग १८७० साली याच शहरात एकमेकांना मिळाले. त्यापूर्वी काही काळ हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ पर्यंत ज्या प्रांतात तो मोडत होता त्याची राजधानी नागपूर हीच होती. त्यामुळे घरात मराठी आणि अंगणाबाहेर हिंदी, अशा दुहेरी वातावरणात वाढलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १९५६ मध्येच खैरागड येथे संगीत व ललित कलांना वाहिलेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे कुलगुरुपद भूषविले. २००० साली खैरागड छत्तीसगडमध्ये गेले आणि २००८ मध्ये ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विश्वविद्यालय उभे राहिले. राज्यांच्या सीमा अशा बदलत राहिल्या, तरी या भागातील संगीताचा विद्यार्थी दोन भाषांच्या आणि दोन शिक्षणपद्धतींच्या मध्यावर उभा आहे, ही गोष्ट मात्र बदललेली नाही. एका बाजूला घराण्याची तालीम आहे आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे.

जबलपूरहून उत्तरेकडे सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर मैहर आहे. अल्लाउद्दीन खाँ १९१८ च्या सुमारास तेथे दरबारी कलावंत म्हणून आले आणि १९७२ मध्ये देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे पुत्र अली अकबर खाँ यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात आपले संगीत महाविद्यालय सुरू केले. हजारो अमेरिकी विद्यार्थ्यांनी मैहरची विद्या तेथे घेतली. म्हणजे संशोधक येथे येण्याची वाट न पाहता या परिसरातील विद्याच समुद्रापार गेली होती. कॅलिफोर्नियात सरोद शिकणारा विद्यार्थी आणि सतना-कटनीकडे सरोद शिकणारा विद्यार्थी हे, एकमेकांचे नावही ऐकलेले नसताना, एकाच परंपरेचे वारसदार ठरले.

अल्लाउद्दीन खाँचे गुरू म्हणजे रामपूरचे वझीर खाँ. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनीही रामपूरच्या याच परंपरेकडून विद्या मिळविली. बंगालमधून आलेला वादक आणि मराठी ग्रंथकार यांना जोडणारे सूत्र असे रामपुरात सापडते. भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या ग्रंथाचे चार भाग १९१० ते १९३२ या काळात प्रसिद्ध झाले. तो ग्रंथ मराठीत आहे, आणि त्याची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडवितो आणि गुरूला आपले म्हणणे अधिक नेमके करावे लागते. हिंदुस्थानी संगीताचे हे आधुनिक शास्त्र शिकविण्याच्या ओघातच आकाराला आले. संगीतशिक्षणाच्या कोणत्याही संशोधकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

देशीविदेशी सहकार्याचा पहिला ठळक प्रयोगही मराठी मुलखातच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या मोजणीचा ध्यास घेतला होता. त्यांचा यासंबंधीचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये निघाला. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांच्याशी हातमिळवणी केली. १९१३ मध्ये त्यांचाही ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वरांची परीक्षा करण्यासाठी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य घेण्यात आले, आणि ठरलेल्या श्रुती वाजविणारी एक खास पेटी लंडनच्या कारखान्यात तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय चर्चेला आला, तेव्हा मात्र भातखंड्यांना आणि जमलेल्या अनेक गुणीजनांना ती मोजणी मान्य झाली नाही.

या प्रयोगातील श्रम प्रामाणिक होते, यात शंका नाही. तरीही त्यातून एक धडा मिळतो. आकडे दोन विद्वानांनी आपसांत निश्चित केले. गाणाऱ्यांचा समुदाय त्या निर्णयात सहभागी नव्हता. एका थोर गायकाचा गळा मोजणीसाठी वापरणे वेगळे, आणि गाणाऱ्यांनी स्वतःच्या कानाने ती मोजणी तपासून स्वीकारणे वेगळे. पहिल्याने माहिती मिळते. दुसऱ्याने प्रमाण मिळते.

यानंतर काही वर्षांनी आर्नोल्ड बाके हा तरुण डच अभ्यासक पत्नीसह शांतिनिकेतनात येऊन राहिला. ‘संगीतदर्पण’ या संस्कृत ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांवर प्रबंध लिहून १९३० मध्ये त्याने हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ग्रंथाभ्यासासाठी आलेला हा विद्यार्थी शांतिनिकेतनात गाणे शिकला, रवींद्रनाथांची गीते स्वतः गाऊ लागला, आणि पुढे ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन भारतभर हिंडला. दुसऱ्याचे संगीत समजून घ्यावयाचे तर ते स्वतः शिकले पाहिजे, हा विचार त्याच्या आचरणात दिसतो. १९६० मध्ये अमेरिकेतील मँटल हूड यांनी हाच विचार एका प्रसिद्ध लेखात तत्त्व म्हणून मांडला. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाप्रमाणे संशोधकालाही दोन संगीतपरंपरांत वावरता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

१९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरू झाली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर संस्थांच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने भारतात येऊ लागले. उस्तादांच्या दारी बसून त्यांनी तालीम घेतली आणि परत जाऊन उत्तम प्रबंध लिहिले. डॅनिएल न्यूमन यांचा उत्तर भारतातील संगीतजीवनावरील ग्रंथ १९८० मध्ये, तर बॉनी वेड यांचा ख्यालावरील ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांनी भारतीय वाचकालाही त्याच्याच संगीताविषयी नवे सांगितले, हे मान्य केले पाहिजे.

मात्र त्या व्यवहारात एक असमतोल होता. परदेशी विद्यार्थ्यापाशी शिष्यवृत्ती, ध्वनिमुद्रक आणि परतीचे तिकीट असे. त्याच गुरूपाशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापाशी यांपैकी काहीही नसे. ध्वनिफिती परदेशातील विद्यापीठांत जमा होत. एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला आपल्याच आजोबांच्या काळातील गाणे ऐकावयाचे असेल, तर ते सातासमुद्रांपलीकडील कपाटात असे. दोघे गुरुबंधू खरे. परंतु एकाच्या नावावर ग्रंथ लागे आणि दुसरा माहितीदार म्हणून उरे.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकात लखनौला घडलेले एक सहकार्य विशेष लक्षणीय वाटते. जेम्स किपन हा इंग्रज विद्यार्थी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जॉन ब्लॅकिंग यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होता. लखनौ घराण्याचे खलिफा अफाक हुसेन खाँ यांच्यापाशी तो तबला शिकत होता. कायद्याचा विस्तार करताना वादक कोणते नियम पाळतो, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. कायदा हा बोलांचा बांधीव मुखडा असतो. त्यातील बोल उलटसुलट करून पलटे रचावयाचे असतात. कोणता पलटा शोभतो आणि कोणता शोभत नाही, हे जाणकार वादक तत्काळ सांगतो. का, असे विचारल्यास मात्र नियम सांगणे त्याला अवघड जाते. कारण ते ज्ञान त्याच्या हातात असते, वाक्यांत नसते.

याच सुमारास बर्नार्ड बेल हे संगणकशास्त्र जाणणारे फ्रेंच अभ्यासक दिल्लीत राहत होते. या दोघांनी मिळून ‘बोल प्रोसेसर’ नावाचा कार्यक्रम रचला. भाषेचे व्याकरण लिहावे तसे कायद्याचे नियम लिहावयाचे, ते छोट्या संगणकाला द्यावयाचे, आणि त्या नियमांनुसार यंत्राने तयार केलेले पलटे खाँसाहेबांपुढे ठेवावयाचे, अशी ही पद्धत होती. खाँसाहेब पलटा मान्य करीत किंवा नाकारीत. नाकारला, तर चूक नियमात आहे असे समजून नियम बदलावयाचा आणि पुन्हा परीक्षा द्यावयाची. किपन यांचा लखनौच्या तबल्यावरील ग्रंथ १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

या प्रयोगाचे महत्त्व यंत्रात नाही. संशोधनाच्या क्रमात गुरूला कोणते स्थान दिले गेले, यात ते आहे. येथे यंत्र शिष्याच्या जागी बसले आणि गुरू गुरूच्याच जागी राहिले. अखेरचा शब्द त्यांचा होता. नियम लिहिणारे दोघे संशोधक वेगळ्या देशांचे आणि वेगळ्या विद्यांचे होते. एकाला तबला येत होता, दुसऱ्याला यंत्राची भाषा येत होती. एकाशिवाय दुसऱ्याचे काम पुरे झाले नसते. देवल-क्लेमंट्स यांच्या श्रुतींची परीक्षा ग्रंथ निघाल्यावर भर परिषदेत झाली होती. येथे ती रोजच्या बैठकीत आणि ग्रंथ लिहिण्यापूर्वी होत होती. सहकार्य कसे असावे याचे पहिले सूत्र यातून मिळते: ज्याच्या विद्येचा अभ्यास चालला आहे, त्याला निष्कर्ष खोडून काढण्याचा अधिकार असला पाहिजे.

दुसरे सूत्र परतफेडीचे आहे. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूटने पुण्यात संगीतविषयक ध्वनिमुद्रणांचे एक संग्रहालय व संशोधन केंद्र स्थापन केले. बाके यांचे शिष्य नाझिर जयराजभॉय यांचा त्यात पुढाकार होता. परदेशी संशोधकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतात उपलब्ध व्हाव्यात, हा केंद्राचा एक प्रमुख हेतू होता. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे यांनीही काही काळ तेथे काम केले. पुढे हे केंद्र दिल्लीस आणि नंतर गुरुग्रामला गेले. १९८४ मध्ये जयराजभॉय आणि एमी कॅटलिन हे बाके यांची १९३८ सालची ध्वनिमुद्रणे घेऊन दक्षिण भारतातील त्या त्या गावी गेले आणि तेथील लोकांना ती त्यांनी ऐकविली. एका शिष्याने गुरूचे ऋण जणू दुसऱ्या टोकाकडून फेडले.

तिसरे सूत्र नावाचे आहे. पुण्यात स्थायिक झालेले फ्रान्सचे गी प्वातव्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लखनौच्या प्रयोगातील बर्नार्ड बेल याही कार्यात सहभागी झाले. ओवी शिकविणारी शाळा नसते. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे ती जात्यापाशीच जाते. या संग्रहात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदविलेले आहे. लोकगीताला कर्ता नसतो, या समजुतीपोटी गाणाऱ्यांची नावे गाळण्याची जी रीत पडली होती, तिला हे उत्तर होते. नाव नोंदविले की ती बाई माहितीदार राहत नाही. ती त्या विद्येची धनी म्हणून उभी राहते.

या तिन्ही सूत्रांचा प्रत्यय एखाद्या पाठ्यग्रंथात येऊ शकतो काय, असे कोणी विचारील. १९९९ मध्ये रॉटरडॅमच्या संगीतविद्यालयाच्या सहकार्याने निघालेली ‘द राग गाइड’ ही मार्गदर्शिका त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. योप बोर, सुवर्णलता राव, विम व्हान डर मीर आणि जेन हार्वी यांनी ती सिद्ध केली. चौऱ्याहत्तर रागांचे त्रोटक पण संपूर्ण दर्शन हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनी आपल्या गायनवादनातून घडविले. विदेशातील विद्यार्थ्यांना रागाची ओळख व्हावी म्हणून केलेले हे काम भारतातील विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडले. शास्त्र लिहिणारे आणि राग मांडणारे यांची नावे त्यात बरोबरीने येतात.

आता प्रश्न राहतो तो येथील विद्यार्थ्याच्या वाट्याचा. सहकार्यात प्रत्येकाने काहीतरी आणावयाचे असते. परदेशी सहाध्यायी सुसज्ज ग्रंथालय आणतो, नवी उपकरणे आणतो, बाहेरून पाहणाऱ्याची ताजी नजर आणतो. जबलपूरच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याने काय आणावे? इंग्रजी कच्चे असल्यामुळे आपल्यापाशी देण्यासारखे काही नाही, अशी न्यूनभावना अनेकांच्या मनात घर करून असते. ती निराधार आहे.

किपन यांच्याच पुढील कार्याकडे पाहावे. २००६ मध्ये त्यांनी गुरुदेव पटवर्धन यांच्या ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ या पुस्तकाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरुदेव तेथे शिकवीत असत, आणि १९०३ मध्ये निघालेले त्यांचे हे पुस्तक विद्यालयातील अध्यापनासाठी होते. एका मराठी शिक्षकाने पंजाबात राहून हिंदीत लिहिलेले हे क्रमिक पुस्तक शंभर वर्षांनंतर आंतरराष्ट्रीय संशोधनाचा विषय झाले. पलुस्कर आणि भातखंडे यांच्या कार्याची परखड चिकित्सा करणारा जानकी बखले यांचा इंग्रजी ग्रंथ २००५ मध्ये आला, तोही मराठी साधनांच्या वाचनावाचून लिहिता आला नसता. आधुनिक भारतातील संगीतशिक्षणाचा पाया ज्या कागदपत्रांत आहे, त्यांतील मोठा भाग मराठीत आणि हिंदीत आहे. भातखंड्यांच्या संवादांतील उपरोध, थट्टा आणि आडपडदे ज्याला मूळ मराठीत कळतात, आणि त्याच विषयावरील हिंदी ग्रंथ जो सहजपणे वाचतो, असा विद्यार्थी जगातील कोणत्याही संगीतविभागाला हवा असतो. दोन्ही भाषा घरातच मिळालेला जबलपूरचा विद्यार्थी या बाबतीत श्रीमंत आहे.

या श्रीमंतीचा उपयोग मात्र सजगपणे केला पाहिजे. केवळ भाषांतर करून देणारा मदतनीस होणे म्हणजे पुन्हा माहितीदाराच्याच जागी जाऊन बसणे होय. प्रश्न ठरविताना तो उपस्थित असावा, अर्थ लावताना त्याचे मत घेतले जावे, आणि शीर्षकाखाली त्याचे नाव यावे. एकाच गुरूच्या एकाच बैठकीचे दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्र टिपण करावे, मग ती टिपणे शेजारी ठेवून भेद पाहावेत. जे एकाला सांगण्याजोगे वाटले नाही तेच दुसऱ्याला मोलाचे वाटले, असे पुष्कळदा आढळेल. घरच्या माणसाला परिचयामुळे न दिसणारे आणि परक्याला अपरिचयामुळे न कळणारे, असे दोन्ही प्रकारचे अंधत्व या एका उपायाने कमी होते. त्यानंतर ती टिपणे गुरूला वाचून दाखवावीत आणि त्यांची दुरुस्ती मूळ मजकुराइतकीच जपून ठेवावी.

या कामी आजची साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ अनुकूल आहेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध आता ‘शोधगंगा’ या सामायिक संग्रहात खुले होतात आणि त्यांत हिंदी-मराठी प्रबंधांचाही समावेश असतो. टोरोंटोचा विद्यार्थी आणि जबलपूरचा विद्यार्थी एकच ध्वनिमुद्रण एकाच वेळी ऐकू शकतात. अंतराची अडचण जवळजवळ नाहीशी झाली आहे. नात्याचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. यंत्र दोघांना एकत्र आणील, परंतु त्यांना गुरुबंधू करणार नाही.

गुरुबंधुत्व गुरूच्या दारात जन्मते आणि तेथील नियमांनीच टिकते. गुरूचे नाव सांगावे, मिळालेले लपवू नये, चूक दाखवावी आणि दाखविली असता ऐकून घ्यावी. घराण्यांनी हे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले, काही वेळा मोडलेही. आणि जेथे ते मोडले तेथे विद्या आटली, याला संगीताचा इतिहास साक्ष आहे. देशोदेशींच्या संशोधक विद्यार्थ्यांनी सहकार्याचे करार अवश्य करावेत, परंतु त्या करारांत हे चार जुने नियम प्रथम लिहावेत. एवढे झाले, तर जबलपूरच्या विद्यार्थ्याला परदेशी सहाध्यायाशी बोलताना संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही, आणि परदेशी सहाध्यायालाही येथून जे न्यावयाचे ते उजळ माथ्याने नेता येईल.